तुकडे दोन, रंगला एकच : गर्भाशयमुखाच्या बायोप्सीतल्या एका निदानाचं प्रकरण

हे प्रकरण आमच्या लॅबमधलं आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा वगळले आहेत. निदानाचा क्रम, स्लाईडवर दिसलेलं चित्र आणि माझ्या हातून झालेली चूक मात्र घडली तशीच ठेवली आहे.

पार्श्वभूमी

मे महिन्यातली दुपार. साठीच्या एक बाई काउंटरवर आल्या. हातात धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी, तिच्यात ओल्या रुमालात गुंडाळलेला मेणाचा एक ब्लॉक आणि दोन स्लाईड. "मेणाचं हाय म्हणून सांगितलंय. यष्टीत लई ऊन लागलं, वितळलं नसंल ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पॅराफिन साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं. ब्लॉक शाबूत होता. रुमाल ओला ठेवायचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, ते त्यांचं त्यांनीच केलं होतं. दुसरा प्रश्न विचारताना आवाज खाली आला. "सुनंची पिशवी काढावीच लागंल का?"

सून ३१ वर्षांची. सहा वर्षांची एक मुलगी, दुसऱ्या बाळाचा विचार चाललेला. चार-पाच महिने अंगावर पांढरं जात होतं आणि संबंधानंतर दोनदा लाल डाग दिसला होता. तालुक्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी तपासलं, पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींचा नमुना, घेतला. त्याचा रिपोर्ट 'एएससी-एच' आला, म्हणजे पेशी संशयास्पद आहेत आणि वरच्या दर्जाचा बदल नाकारता येत नाही. मग गर्भाशयमुखाला ॲसेटिक ॲसिड लावून पांढऱ्या पडलेल्या दोन जागांचे चिमटे घेतले गेले आणि दोन्ही तुकडे एकाच डबीत टाकून लॅबला पाठवले गेले. त्या लॅबने लिहिलं : मोठ्या तुकड्यात सीआयएन २ (कर्करोगाआधीचा मधल्या दर्जाचा बदल), लहान तुकडा चेंगरलेला, दाहाचे बदल. हा कागद हातात आल्यावर घरच्यांनी आणखी एका ठिकाणी दाखवलं. तिथे सांगण्यात आलं, "पिशवी काढून टाका, पुढची कटकट नको."

हा सल्ला आमच्या भागात नवीन नाही. बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये चव्हाट्यावर आला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तोवर कितीतरी घरांत तिशी-पस्तिशीतच हे ऑपरेशन झालेलं होतं. मला याची चीड येते, आणि ती या प्रकरणात माझ्याबरोबर मायक्रोस्कोपपाशी येऊन बसली होती, हे आधीच सांगून ठेवते.

दुसरी बाजूही याच मातीतली आहे. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू आहे. जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांना घेऊन झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, एकदाच केलेली तपासणीसुद्धा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी करते, हे जगाला या खेड्यांनी दाखवलं. देशात २०२२ साली या कर्करोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्णा आणि जवळपास ८० हजार मृत्यू असा जागतिक अंदाज आहे. म्हणून 'पिशवी वाचवा' एवढंच म्हणून पॅथॉलॉजिस्टला मोकळं होता येत नाही.

अडचण

गर्भाशयमुखाच्या अस्तरात कर्करोगाआधीचे जे बदल होतात, त्यांना आपण वर्षानुवर्षं सीआयएन १, २ आणि ३ म्हणत आलो. बदल खालच्या एक तृतीयांश जाडीत असेल तर १, दोन तृतीयांशापर्यंत गेला तर २, जवळजवळ पूर्ण जाडी व्यापली तर ३. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात १ आणि ३ वर पॅथॉलॉजिस्टांचं बऱ्यापैकी एकमत होतं, २ वर होत नाही. तीच स्लाईड एकीला १ वाटते, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला कर्करोगपूर्व काहीच वाटत नाही. सीआयएन २ म्हणून नोंदलेल्या बदलांचा पाठपुरावा केला, तर दोन वर्षांत साधारण निम्मे आपोआप मागे फिरतात आणि १८ टक्क्यांच्या आसपास पुढे सरकतात, असं २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेलं गणित सांगतं. या नावाखाली दोन-तीन वेगळ्या गोष्टी नांदतात, हेच त्याचं मोठं कारण.

त्यात सगळ्यात फसवा सोबती म्हणजे कोवळा मेटाप्लेझिया. गर्भाशयमुखाच्या आतल्या बाजूचं उभ्या पेशींचं नाजूक अस्तर बाहेरच्या आम्लधर्मी वातावरणात आलं की हळूहळू चपट्या पेशींच्या दणकट अस्तरात बदलतं. हे निरोगी बाईच्या अंगात घडणारं काम आहे. पण अर्ध्यावर असताना त्या पेशी दाटीवाटीने बसलेल्या, मोठ्या केंद्रकाच्या, सगळ्या सारख्या दिसतात. त्यात दाह असला की सीआयएन २ चा भास हमखास होतो.

मी आलेल्या एच अँड ई, म्हणजे नेहमीच्या रंगाने रंगवलेल्या, स्लाईड लावल्या. मोठा तुकडा ४ मिमीचा. अस्तर जाड, पेशी गर्दीत, पण केंद्रकांतली क्रोमॅटिनची (जनुकद्रव्याची) पोत बारीक आणि एकसारखी, कडा गुळगुळीत, मधूनमधून ठळक न्यूक्लिओलस. विकृत विभाजन एकही नाही. आणि सर्वांत वर, छपरावर कौलं राहावीत तशी, श्लेष्म भरलेल्या उभ्या पेशींची एक ओळ अजून टिकून होती. ही ओळ कोवळ्या मेटाप्लेझियाची जुनी खूण. मनात निदान जवळजवळ ठरलं.

लहान तुकडा दीड मिमीचा. खाली आधाराची ऊती नव्हतीच. अस्तराची नुसती सुटलेली पट्टी, चिमट्यात चेंगरलेली, केंद्रकं काळपट, पसरलेली. अशा पट्टीत वर कुठे आणि खाली कुठे तेच कळत नाही. मी दोन मिनिटं पाहिलं आणि पुन्हा मोठ्या तुकड्याकडे वळले. आज मला ती दोन मिनिटं आठवतात.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, आधीचा सीआयएन २ मान्य करून लीप करायला सांगणं. लीपमध्ये विजेच्या तारेच्या फासाने गर्भाशयमुखाचा बदल झालेला भाग कापून काढतात. उपचार चांगला आहे, पण पुढच्या गरोदरपणात वेळेआधी बाळंत होण्याचा धोका काही प्रमाणात वाढतो. नुसत्या मेटाप्लेझियासाठी हा धोका का द्यायचा? दुसरा पर्याय, दर सहा महिन्यांनी कोल्पोस्कोपी (गर्भाशयमुख भिंगातून पाहणं) आणि एचपीव्ही तपासणी करत वाट पाहणं. पुढे मूल हवं असलेल्या सीआयएन २ च्या रुग्णेसाठी हा मान्य मार्ग आहे. मात्र आमच्याकडे दोन एसट्या बदलून येणारी बाई दर वेळी येईल, याची खात्री कोण देणार? तिसरा, नवी बायोप्सी. चौथा, आहे त्याच ब्लॉकवर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पी१६ आणि केआय-६७ हे दोन मार्कर लावणं. गर्भाशय काढणं हा या टप्प्यावर पर्यायच नव्हता. कर्करोग नाही याची खात्री नसताना साधं हिस्टरेक्टॉमी करणं म्हणजे एकीकडे जास्तीचं ऑपरेशन आणि दुसरीकडे, खोल रोग निघालाच तर, अपुरं ऑपरेशन.

पी१६ इथे का उपयोगी पडतं, ते सांगते. पी१६ हे पेशीच्या वाढीला ब्रेक लावणारं प्रथिन. घातक जातीच्या एचपीव्हीचा ई७ हा घटक पेशीतल्या आरबी या प्रथिनाला निकामी करतो. ब्रेक आणि चाक यांच्यामधली वायर म्हणजे आरबी. वायर तुटली की पेशी ब्रेक आणखी जोरात दाबत राहते, गाडी थांबत नाही, आणि पेशीत पी१६ चा साठा मात्र वाढत जातो. तो साठा आपण तपकिरी रंगाने पाहतो. केआय-६७ हे विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींच्या केंद्रकात सापडतं. नावातली पहिली दोन अक्षरं जर्मनीतल्या कील शहराची, आणि ६७ हा प्रयोगाच्या ताटलीतल्या घराचा क्रमांक. निरोगी अस्तरात ते तळालगतच्या एक-दोन थरांपुरतं राहतं. वरपर्यंत चढलं तर गडबड आहे.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या आणि कोल्पोस्कोपीच्या संस्थांनी मिळून 'लास्ट' नावाच्या शिफारशी काढल्या. तीन पायऱ्यांऐवजी दोनच, एलसिल (खालच्या दर्जाचा बदल) आणि एचसिल (वरच्या दर्जाचा बदल). पी१६ कुठे वापरायचं तेही त्यांनी आखून दिलं : वरच्या दर्जाचा बदल की त्याची नक्कल असा पेच असेल तर, सीआयएन २ लिहायचं मनात असेल तर, दोन पॅथॉलॉजिस्टांचं पटत नसेल तर. स्मिअर गंभीर आणि बायोप्सी सौम्य, असं असेल तेव्हाही. एच अँड ईवर स्पष्ट सीआयएन १ किंवा ३ असेल, तर मार्कर लावू नये. सीआयएन १ मधलेही बरेच बदल पी१६ ला रंगतात, आणि तेवढ्यावरून ते एचसिल होत नाहीत.

आमच्या केसमध्ये पहिले दोन निकष आणि स्मिअरचा निकष, तिन्ही लागू होत होते. खर्चाचं सासूबाईंना मोकळेपणी सांगितलं : दोन मार्कर, दोन वेगळे पैसे. त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली. "बघा, पण नीट बघा."

काय केलं : पहिला फेरा

आमच्याकडे मार्करचा फेरा आठवड्यातून एकदा, हाताने चालतो. ब्लॉकमधून ३ मायक्रॉनचे सेक्शन, म्हणजे पातळ काप, कापायचे, भट्टीत चिकटवायचे, मेण उतरवायचं, मग पीएच ९ च्या बफरमध्ये प्रेशर कुकरला लावायचे. फॉर्मॅलिनने झाकलेली प्रथिनं त्या उष्णतेने उघडी पडतात. मग अँटिबॉडी, मग तपकिरी रंग देणारं डीएबी, शेवटी हिमॅटॉक्सिलिनचा निळा हात.

स्लाईड माझ्याकडे आल्या. कंट्रोल म्हणून लावलेला आधीच्या एका खात्रीच्या एचसिलचा सेक्शन गडद तपकिरी, म्हणजे रसायनं नीट चालली होती. रुग्णेच्या स्लाईडवर पी१६ कुठे आहे, कुठे नाही. एक पेशी फिकट तपकिरी, शेजारच्या तीन निळ्या, पुन्हा दोन तपकिरी. फरशीच्या तुकड्यांचा मोझॅक असावा तसं. एचसिल म्हणायला पी१६ चा सलग पट्टा लागतो : तळाच्या थरापासून सुरू होऊन अस्तराच्या किमान एक तृतीयांश उंचीपर्यंत, एकही फट न ठेवता, गडद. त्याला 'ब्लॉक पॉझिटिव्ह' म्हणतात, आणि हा ब्लॉक मेणाचा नव्हे. इथे तसं काही नव्हतं. केआय-६७ तळाच्या थरांत थोडं वाढलेलं, वर स्वच्छ. सगळं कोवळ्या मेटाप्लेझियाशी जुळत होतं.

त्याच संध्याकाळी मी तालुक्याच्या मॅडमना फोन केला. "मॅडम, मेटाप्लेझियाच आहे. पिशवीला हात लावायचं कारण नाही. लेखी रिपोर्ट परवा देते."

"मग स्मिअरमध्ये एएससी-एच कुठून आलं?" त्यांनी विचारलं.

"कोवळ्या मेटाप्लेझियाच्या पेशी स्मिअरमध्ये तशाच दिसतात," मी म्हणाले.

हे वाक्य खोटं नाही. एएससी-एच येण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. पण त्या क्षणी त्याने एक खरा प्रश्न बंद केला. मॅडमनी बोट नेमकं दुखऱ्या जागी ठेवलं होतं आणि मी पाठ असलेलं उत्तर दिलं. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय त्या फोनवर झाला, आणि तो चुकला.

काय केलं : दुसरा फेरा

दोन दिवसांनी लेखी रिपोर्ट करायला बसले. आधीच्या लॅबच्या कागदावरून डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन उतरवून घेत होते : 'करड्या पांढऱ्या ऊतीचे दोन तुकडे'. सवयीने स्लाईड उचलून ट्यूबलाइटसमोर धरल्या. एच अँड ईवर दोन जांभळे ठिपके, एक मोठा, एक मोहरीएवढा. पी१६ वर एकच ठिपका. केआय-६७ वरही एकच.

लहान तुकडा रंगलाच नव्हता. तो स्लाईडवर नव्हताच.

टेक्निशियन दादांना विचारलं. त्यांनी काही न बोलता रजिस्टर पुढे केलं. फेऱ्याच्या तारखेसमोर त्यांच्या अक्षरात ओळ होती : 'चार्ज्ड स्लाईड संपल्या, साध्या वापरल्या.' चार्ज्ड स्लाईडवर काचेला ऊती धरून ठेवणारा विद्युतभार असतो. साध्या काचेवर, प्रेशर कुकरच्या उकळीत, खाली आधार नसलेली दीड मिमीची पट्टी सुटून बफरमध्ये गेली. त्यांनी नोंद केली होती. मी रजिस्टर वाचलं नव्हतं. कंट्रोल पास झाला म्हणून मी निर्धास्त होते. पण कंट्रोल फक्त एवढंच सांगतो की रंग चढतो आहे. तुमच्या रुग्णेची ऊती काचेवर आहे की नाही, हे तो सांगत नाही.

आता दोन निर्णय होते. पहिला, मॅडमना लगेच कळवायचं की दुसऱ्या फेऱ्याचा निकाल येईपर्यंत थांबायचं? निकाल तसाच आला असता तर फोनची गरजच पडली नसती, हा विचार मनात आला हे मी नाकारत नाही. फोन त्याच तासाला केला. "मी परवा दिलेलं मत अर्ध्या बायोप्सीवरचं आहे. ते धरू नका." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या की त्यांनी घरच्यांना सांगून टाकलं होतं, आणि सासूबाई तुळजापूरला जाऊन ओटी भरून आल्या होत्या.

दुसरा निर्णय ऊतीचा. ब्लॉकमध्ये लहान तुकडा किती उरला असेल? मायक्रोटोमला, म्हणजे सेक्शन कापायच्या यंत्राला, ब्लॉक पुन्हा लावला की पृष्ठभाग सपाट करण्यात पहिले काही सेक्शन वाया जातात. त्यातच तो तुकडा संपला असता. एच अँड ईचीच स्लाईड घेऊन तिचा रंग उतरवायचा आणि त्याच ऊतीवर पी१६ लावायचं, हाही एक मार्ग असतो. पण तीही साधी काच होती. पुन्हा कुकर, पुन्हा तीच भीती. शिवाय जिच्यावर दोन लॅबचं निदान उभं आहे, ती मूळ स्लाईड कायमची गेली असती. नवी बायोप्सी मागवायची, तर त्या बाईला पुन्हा चिमटे, आणि तीच जागा सापडेलच असं नाही.

शेवटी ठरलं ते असं. ब्लॉक बर्फावर चांगला थंड करायचा. दादांनी हाताने कोन जुळवायचा, पृष्ठभाग सपाट करण्याच्या नावाखाली एकही सेक्शन टाकायचा नाही, पहिल्या रिबिनीपासून सगळं उचलायचं. चार चार्ज्ड स्लाईड : पहिली आणि चौथी एच अँड ईसाठी, मधल्या दोन पी१६ आणि केआय-६७ साठी. म्हणजे जे रंगेल त्याच्या अलीकडची आणि पलीकडची ऊती एच अँड ईवर हाताशी राहील. स्लाईड शेजारच्या लॅबमधून उसन्या आणल्या. दादा मायक्रोटोमवर वाकले तेव्हा पंखा बंद केला. पाण्यावर रिबीन पसरली आणि त्यात दोन ठिपके तरंगताना दिसले, तेव्हा आम्ही दोघांनी श्वास सोडला.

कुकरमधून निघाल्यावर प्रत्येक स्लाईड आधी नुसत्या डोळ्यांनी पाहिली. दोन. दोन. मग भिंग.

मोठा तुकडा पहिल्यासारखाच, मोझॅक. लहान पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गडद तपकिरी, केंद्रकं आणि पेशीद्रव दोन्ही, मध्ये एकही निळी फट नाही. केआय-६७ पट्टीच्या दोन्ही कडांपर्यंत भरलेलं. नव्या एच अँड ईवर पट्टी थोडी कमी चेंगरलेली मिळाली. केंद्रकं खडबडीत, एकमेकांवर चढलेली, दोन ठिकाणी विभाजन चालू.

थोडक्यात, आधीच्या लॅबने ज्या तुकड्याला सीआयएन २ म्हटलं तो निरोगी निघाला, आणि ज्याला 'चेंगरलेला, दाह' म्हणून सोडलं त्यात खरा रोग होता. मीही तो तसाच सोडला होता.

रिपोर्टमध्ये लिहिलं : एक तुकडा कोवळा मेटाप्लेझिया, दुसरा, सुटलेल्या अस्तराची पट्टी, एचसिल, पट्टीखाली आधाराची ऊती नसल्यामुळे रोग खोल शिरला आहे का हे या बायोप्सीवरून सांगता येत नाही. पट्टीचा तळ कोणता हे ठरत नसल्यामुळे २ की ३ असा आकडा मी दिला नाही. आधी तोंडी दिलेलं मत मागे घेतल्याची आणि त्याच्या कारणाची ओळही त्याच कागदावर टाकली. ती टाकावी का, यावर माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी मतभेद झाला. त्यांच्या मते तोंडी मताची लेखी कबुली द्यायची गरज नव्हती. मला वाटलं, उद्या ही फाईल तिसऱ्या डॉक्टरांच्या हातात गेली आणि घरचे म्हणाले "आधी काही नाही सांगितलं होतं", तर त्या डॉक्टरांना कारण कागदावर सापडलं पाहिजे.

परिणाम

आता वाट पाहण्याचा मार्ग बंद झाला. सीआयएन २ असं ठाम सांगता येत असेल तर थांबता येतं. सुटलेल्या पट्टीत २ की ३ हेच ठरत नसताना नाही. न्यूझीलंडमध्ये पूर्वी ज्यांचा सीआयएन ३ उपचारांविना राहिला, अशा बायकांच्या नोंदी पुढे तपासल्या गेल्या, तेव्हा ३० वर्षांत त्यांच्यातल्या सुमारे ३१ टक्के जणींना कर्करोग झाल्याचं दिसलं. नीट उपचार झालेल्यांत हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी. थर्मल ॲब्लेशन, म्हणजे बदललेला भाग उष्णतेने जाळणं, स्वस्त आणि तालुक्यात होण्यासारखं असलं तरी इथे नको होतं. जाळलेली ऊती तपासायला उरत नाही, आणि आम्हाला खोली पाहायचीच होती.

सासूबाईंना मी स्वतः बोलावून सांगितलं. त्यांनी स्पष्ट विचारलं, "परवा नाही म्हनलात, आज हाय म्हनताय. उद्या आनि काय म्हनाल?" मी दोन्ही स्लाईड त्यांच्या हातात दिल्या, खिडकीकडे धरायला सांगितल्या. त्यांनी ठिपके मोजले. मग म्हणाल्या, "बारकं हुकलं होतं व्हय." त्यानंतर त्यांनी शंका घेतली नाही. पिशवी काढायची नाही, तोंडाचा थोडा भाग कापायचा, बाळ पुढे होऊ शकतं, पण तेव्हाच्या डॉक्टरांना हे ऑपरेशन झालंय म्हणून आवर्जून सांगायचं, एवढं सुनेला समजावलं.

लीप मोठ्या शहरातल्या कोल्पोस्कोपी केंद्रात झाली. कापलेल्या भागात घड्याळाच्या १२ ते ३ या बाजूला एचसिल निघालं, पूर्ण जाडीचं, म्हणजे सीआयएन ३. खोल शिरकाव नाही, कापलेल्या कडांवर रोग नाही. सहा महिन्यांनी एचपीव्ही तपासणी निगेटिव्ह, त्यानंतर वर्षाने पुन्हा निगेटिव्ह. ओळीने तीन निगेटिव्ह येईपर्यंत ती दर वर्षी करायची, आणि त्यानंतरही दर तीन वर्षांनी, किमान २५ वर्षं. हा आकडा ऐकून सुनेने विचारलं होतं, "म्हणजे माझी मुलगी एकतीस वर्षांची होईपर्यंत?" तिचा हिशेब बरोबर होता.

वेगळं काय करता आलं असतं

स्मिअर आणि बायोप्सी यांचं जुळत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मार्कर लावण्यासाठी तेच कारण मी वापरलं, आणि मार्करचं उत्तर येताच ते विसरले. खरं तर उत्तर आल्यावर पुन्हा तिथेच जायला हवं होतं : एएससी-एचचं स्पष्टीकरण या काचेवर सापडलं का? नसेल, तर खोल सेक्शन, किंवा नवी बायोप्सी, किंवा किमान 'जुळत नाही' एवढी ओळ. मी जे निदान मनोमन मागत होते, तेच पहिल्या स्लाईडने दिलं. अनावश्यक ऑपरेशनाची चीड रास्त आहे, पण तिने मला घाई करायला लावली.

फोनवर मत देणं आमच्याकडे टाळता येत नाही. लांबून आलेली माणसं खोळंबलेली असतात. आता मी मार्करच्या केसमध्ये फोनवर निकाल सांगत नाही, एवढा एक नियम केला आहे. घरचे चिडतात कधीकधी.

लॅबमध्ये दोन बदल झाले. प्रत्येक मार्करच्या स्लाईडच्या पांढऱ्या टोकावर दादा पेन्सिलने तुकड्यांची संख्या लिहितात : किती होते, किती उरले. २/२ नसेल तर ती स्लाईड माझ्याकडे येतच नाही. आणि ज्ञात कंट्रोल वेगळ्या काचेवर न ठेवता रुग्णेच्याच काचेच्या दुसऱ्या टोकाला लावतो. चार्ज्ड स्लाईड संपल्या तर फेरा पुढे ढकलतो. या एका गोष्टीवर हिशेब सांभाळणाऱ्यांशी माझा वाद अजून चालू आहे.

लहान तुकड्याकडे पाहायची माझी पद्धतही बदलली. चेंगरलेल्या, सुटलेल्या, तिरप्या कापलेल्या पट्ट्यांना 'मत देण्याजोगं नाही' म्हणणं प्रामाणिक असतं, पण पी१६ तिथेच सगळ्यात जास्त कामाला येतं. मोठा, सुबक तुकडा डोळा खेचून घेतो. म्हणून आता सुरुवात लहानापासून करते.

एक गोष्ट मात्र आमच्या हातात पूर्ण नाही. दोन जागांचे तुकडे एकाच डबीत आले, त्यामुळे रोगाची पट्टी कुठल्या बाजूची हे लीप होईपर्यंत कोणालाच सांगता आलं नाही. कोल्पोस्कोपी करणाऱ्यांना ते आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही आता रुग्णालयांना फॉर्मॅलिन भरलेल्या छोट्या डब्या आपल्याकडूनच पाठवतो, झाकणावर १२, ३, ६, ९ असे घड्याळाचे आकडे घातलेल्या. घेतलेली जागा त्या आकड्याला गोल करून कळवायची. गेल्या आठवड्यात एका रुग्णेच्या तीन डब्या आल्या. दोन झाकणांवर गोल होता, तिसऱ्यावर नव्हता. डबी उघडण्याआधी मी फोन लावला.